सिलिॲकच्या कामात नवे आलात? आधी शेजारच्या टेबलावरचं काम शिका

सिलिॲक म्हणजे गहू-बार्लीतल्या ग्लुटेन नावाच्या प्रथिनामुळे लहान आतड्याला इजा होण्याचा आजार. त्याच्या एका रुग्णाला सहा-सात जणांचे हात लागतात. रक्त काढणारा तंत्रज्ञ, अँटिबॉडीची चाचणी लावणारी प्रयोगशाळा, एंडोस्कोपी करून आतड्याचे तुकडे घेणारे पोटविकारतज्ज्ञ, ते तुकडे मेणात बसवून कापणारा हिस्टॉलॉजीचा तंत्रज्ञ, काचपट्टी वाचणारे पॅथॉलॉजिस्ट आणि शेवटी घरच्या डब्यात काय जाईल हे ठरवून देणारी आहारतज्ज्ञ. संशोधन सुरू झालं की त्यात संख्याशास्त्रवाले, जनुकशास्त्रवाले आणि अन्नातलं ग्लुटेन मोजणारे येऊन मिळतात. यातला प्रत्येक जण आपापल्या कामात सहसा चोख असतो. घोटाळा होतो तो काम एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जाताना.

म्हणून हे टिपण त्या सांध्यांवर आहे. डीएम किंवा एमडी करणारे, आहारशास्त्रात एमएस्सी करून रुग्णालयात लागलेले, जेआरएफ मिळवून प्रयोगशाळेत रुजू झालेले, अशा सगळ्यांसाठी. आपल्या विषयाचं पुस्तक तुम्ही वाचलेलंच आहे. शेजारच्याचं काम मात्र कुणी शिकवत नाही.

मुळात हा आजार उलगडला तोच तिघांच्या जोडकामातून. गव्हाशी त्याचा संबंध जोडणारे विलेम कारेल डिके हे नेदरलँड्समधल्या हेगच्या मुलांच्या रुग्णालयात बालरोगतज्ज्ञ होते. १९४४-४५ च्या हिवाळ्यात तिथे अन्नाचा दुष्काळ पडला, ब्रेड मिळेना आणि ही मुलं सुधारली, एवढीच गोष्ट सगळीकडे सांगितली जाते. पण ते झालं निरीक्षण. ते पुराव्याच्या पातळीवर आलं, कारण उट्रेख्टचे रसायनशास्त्रज्ञ व्हान दे कामर यांनी शौचातली चरबी अचूक मोजायची पद्धत बसवली आणि बालरोगतज्ज्ञ वेयर्स यांनी मुलांवर ती मोजमापं करून घेतली. गहू दिला की चरबी वाढते, काढला की उतरते, हे आकड्यात दिसलं. डिके यांचा प्रबंध १९५० चा. मोजणारा माणूस सोबत नसता, तर ते निरीक्षण कित्येक वर्षं नुसतंच पडून राहिलं असतं.

‘गहू सोडून बघा’

सगळ्यात जास्त केसेस इथे बिघडतात. पोट बिघडलेलं, हिमोग्लोबिन कमी, मूल वाढत नाही, म्हणून कुणीतरी सांगतं, ‘महिनाभर गहू सोडून बघा.’ बरं वाटतं. मग चार महिन्यांनी रुग्ण चाचणीला येतो, तेव्हा अँटिबॉडी उतरलेल्या असतात, आतडं भरून येत असतं, आणि अहवाल ‘नॉर्मल’ येतो. अशा अहवालाचा अर्थ काहीच लागत नाही. रुग्णाला मात्र वाटतं, आपल्याला आजारच नव्हता.

हे रक्त काढण्याच्या टेबलावरच पकडता येतं. फॉर्मवर एक ओळ वाढवा: ‘गहू, रवा, मैदा शेवटचा कधी खाल्ला आणि रोज किती?’ ‘ग्लुटेन खाता का?’ असं विचारू नका. ग्लुटेन हा शब्द निम्म्या लोकांना माहीत नसतो, आणि ज्यांना माहीत असतो ते ‘नाही’ म्हणून बिस्किट विसरतात. पोळी बंद केलेला माणूस सकाळच्या चहाबरोबर दोन बिस्किटं खातच असतो.

गहू आधीच सुटला असेल, तर पहिली चाचणी एचएलएची, म्हणजे या आजाराशी जोडलेल्या जनुकांची. त्यातली डीक्यू२ आणि डीक्यू८ ही दोन्ही नसतील तर सिलिॲक जवळजवळ निकालात निघतो. दोन्हीपैकी एक असेल तर त्यावरून एवढंच कळतं, की प्रश्न अजून खुला आहे. आपल्याकडे साधारण तीनातल्या एका निरोगी माणसातही ते असतात. ‘जीन पॉझिटिव्ह आला म्हणजे आजार आहे’ असं रुग्णाला सांगून टाकणारे लोक भेटतील. तो अहवाल रुग्णाच्या हाती देताना समजावून सांगायला कोण बसणार, हे आधी ठरवून घ्या.

त्यानंतर गहू पुन्हा सुरू करून तपासायचं. मोठ्या माणसाला दिवसाला सुमारे ३ ग्रॅम ग्लुटेन, किमान दोन आठवडे, सोसत असेल तर आठ आठवड्यांपर्यंत. हे ग्रॅम रुग्णाला कळत नाहीत, म्हणून हिशेब पोळीत करा. मध्यम पोळीला ३० ग्रॅम कणीक लागते. कणकेत ११ टक्क्यांच्या आसपास प्रथिनं आणि त्यातला साधारण चार-पंचमांश भाग ग्लुटेनचा, म्हणजे पोळीमागे अडीच ग्रॅम. रोज सव्वा ते दीड पोळी सांगितली की झालं. पाच वर्षांखालच्या मुलांत आणि वयात येताना झपाट्याने वाढणाऱ्या मुलांत हे शक्यतो टाळतात. तिथे निर्णय बालपोटविकारतज्ज्ञांचा, आहारतज्ज्ञाने परस्पर घ्यायचा नाही.

अहवालावरचा आकडा

टीटीजी-आयजीए ही सिलिॲकसाठी रक्तात मोजायची मुख्य अँटिबॉडी. तिचा आकडा किटच्या नावाशिवाय वाचू नका. प्रत्येक कंपनीची एककं वेगळी, मर्यादा वेगळी. एका किटवरचे ४५ आणि दुसऱ्यावरचे ४५ यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो. म्हणून नोंदवहीत चार गोष्टी एकत्र हव्यात: आकडा, किटचं नाव, त्या किटची वरची मर्यादा, आणि आकडा मर्यादेच्या किती पट आहे ते. डेटा तपासताना शेवटचा रकानाच उपयोगी पडतो.

मुलांच्या बाबतीत त्या पटीवर फार मोठा निर्णय अवलंबून असतो. युरोपातल्या बालपोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०२० साली जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत टीटीजी-आयजीए मर्यादेच्या १० पट किंवा जास्त आणि वेगळ्या दिवशी घेतलेल्या दुसऱ्या नमुन्यात ईएमए ही दुसरी अँटिबॉडीही पॉझिटिव्ह असेल, तर आईवडिलांशी बोलून बायोप्सीशिवाय निदान करता येतं. ही मुभा कुणाच्या मनात आलं म्हणून मिळालेली नाही. २१ देशांतल्या ३३ केंद्रांनी ७०७ मुलांवर एकाच आराखड्याने काम केलं, ते २०१७ मध्ये प्रसिद्ध झालं, आणि त्याच्या आधाराने हे पुढे गेलं.

आता यातली मेख. समजा तुमच्या किटची मर्यादा २० आहे आणि यंत्र १०० च्या वर नुसतं ‘१०० पेक्षा जास्त’ एवढंच छापतं. म्हणजे तुम्हाला फक्त पाच पट दिसतं. दहा पट आहे की नाही हे त्या अहवालावरून सांगताच येत नाही; सीरम पातळ करून पुन्हा चालवावं लागतं. डॉक्टरांनी प्रयोगशाळेला हे लेखी कळवलेलं नसेल तर कुणी पातळ करत नाही, कारण त्यांच्या दृष्टीने अहवाल पूर्ण असतो. ईएमए तर सूक्ष्मदर्शकाखाली चमक बघून डोळ्याने वाचायची चाचणी. ती वाचणारा हात बसलेला हवा.

दुसरी मेख एकूण आयजीएची. आयजीए हा अँटिबॉडीचाच एक प्रकार. सिलिॲकच्या शंभरातल्या दोन-तीन रुग्णांमध्ये आयजीएच कमी असतं, मग टीटीजी-आयजीए खोटंच निगेटिव्ह येतं. पहिल्या वेळी एकूण आयजीए सोबत मागवा. कमी निघालं तर आयजीजीवर आधारलेली चाचणी लावा.

नमुने साठवायचे असतील तर रक्त गोठायला अर्धा तास द्या, सीरम वेगळं करा, अर्ध्या-अर्ध्या मिलिलिटरच्या कुप्यांत वाटून उणे ८० अंशांत ठेवा. एकाच कुपीत सगळं भरलंत, तर दर नव्या चाचणीला तेच सीरम वितळणार आणि परत गोठणार. मार्करने लिहिलेलं नाव स्पिरिटचा हात लागला की जातं, तेव्हा थंडीत टिकणारी छापील लेबलंच वापरा.

तुकडा कुपीत पडताना

बायोप्सीत चूक कुठे होते हे पॅथॉलॉजीच्या खोलीत बसल्याशिवाय कळत नाही. एंडोस्कोपी करणाऱ्या प्रत्येक नव्या डॉक्टरने एक आठवडा तिथे काढावा असं आमचं ठाम मत आहे.

ड्युओडेनमच्या, म्हणजे लहान आतड्याच्या सुरुवातीच्या तुकड्याच्या, दुसऱ्या भागातून किमान चार तुकडे आणि सुरुवातीच्या फुगीर भागातून, बल्बमधून, एक किंवा दोन. बल्बचे तुकडे वेगळ्या कुपीत. तिथे ब्रुनर ग्रंथींमुळे अंकुर, म्हणजे आतड्याच्या अस्तरावरची बोटांसारखी टोकं, निरोगी माणसातही आखूड दिसतात. सगळं एका कुपीत गेलं तर कुठला तुकडा कुठला, ते नंतर देवालाही सांगता येणार नाही. चिमट्याच्या एका फेरीत एकच तुकडा घ्या. दोन घेतले की वेळ वाचतो, पण पहिला चिमट्यात चेपतो आणि त्याची दिशा जाते.

दिशा म्हणजे काय, ते बघण्यासारखं आहे. तुकडा तांदळाच्या दाण्याहून लहान. त्याची एक बाजू मखमली, अंकुरांची, आणि दुसरी बाजू कापलेली. कापलेली बाजू खाली ठेवून तो गाळणकागदाच्या कपट्यावर पसरला आणि कागदासकट फॉर्मेलीनमध्ये सोडला, तर मेणात तो उभा बसतो आणि काप अंकुराच्या लांबीने जातो. मग अंकुराची उंची आणि खालच्या खळग्याची खोली यांचं प्रमाण मोजता येतं. निरोगी आतड्यात ते साधारण ३ ला १. तुकडा तसाच कुपीत टाकला तर तो गुंडाळतो, काप तिरका जातो, आणि खळगे लांब नळ्यांऐवजी गोल गोल कड्यांसारखे दिसतात. अशा काचपट्टीवर अंकुर आखूडच दिसणार, माणूस कितीही निरोगी असो. कडीच कडी दिसली की मार्शच्या श्रेणीतला, म्हणजे अंकुर झडल्याचा, ३ हा आकडा लिहायचा नाही. ब्लॉकमध्ये आणखी खोल काप मागायचे. सलग तीन-चार अंकुर खळग्यांसकट नीट उभे दिसले, तरच मोजणी धरायची.

पॅथॉलॉजिस्टला कोरी मागणी-चिठ्ठी पाठवू नका. ‘जुलाब, सिलिॲक?’ एवढं पुरत नाही. टीटीजी किती पट, गहू चालू होता का, रक्तदाबाची ऑल्मेसार्टनची गोळी चालू आहे का, पूर्वी क्षयाचं औषध झालं का, एवढं तरी लिहा. आपल्याकडे अंकुर झडायला सिलिॲकशिवाय पुष्कळ कारणं आहेत: ट्रॉपिकल स्प्रू, जिआर्डिया, क्षय, क्रोन्स, प्रतिकारशक्तीचे जन्मजात दोष. नुसते लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) वाढलेले, म्हणजे अस्तराच्या शंभर पेशींमागे २५ च्या वर, पण अंकुर शाबूत, एवढ्यावर निदान होत नाही. अभ्यासासाठी वाचताना दोन पॅथॉलॉजिस्टनी रक्ताचा अहवाल न बघता स्वतंत्र वाचावं आणि जिथे पटत नाही त्या काचपट्ट्यांवर नंतर एकत्र बसावं. रोजच्या कामात मात्र उलट, सगळी माहिती त्यांच्यासमोर हवी. हा फरक नव्यांच्या लक्षात येत नाही आणि मग दोन्हीकडे घोळ होतो.

शब्द एकच वापरा

‘लेटंट’, ‘सायलेंट’, ‘टिपिकल’ हे शब्द जुन्या कागदांत भरपूर सापडतील. प्रत्येक देश, कधी कधी प्रत्येक विभाग, ते वेगळ्या अर्थाने वापरत होता, त्यामुळे दोन अभ्यास एकमेकांशेजारी ठेवता येत नव्हते. सात देशांतल्या १६ डॉक्टरांनी बसून व्याख्या ठरवल्या. त्या ऑस्लो व्याख्या म्हणून २०१३ मध्ये छापून आल्या. रक्त पॉझिटिव्ह पण बायोप्सी चांगली असेल तर ‘पोटेन्शिअल’. शोषण बिघडल्याची लक्षणं, म्हणजे जुलाब, वजन घटणं, वाढ खुंटणं, असतील तर ‘क्लासिकल’. पंडुरोगावरून किंवा हाडं ठिसूळ झाल्यावरून सापडला तर ‘नॉन-क्लासिकल’. आणि वर्षभर काटेकोर आहार पाळूनही आतडं भरत नसेल, बाकी कारणं वगळली असतील, तरच ‘रिफ्रॅक्टरी’. हा शेवटचा शब्द आपल्याकडे फार उधळला जातो. तसं म्हटलेल्या बहुतेक रुग्णांच्या घरात कुठून तरी गहू शिरतच असतो.

आकड्यांची उसनवारी

‘भारतात शंभरात एकाला’ हे वाक्य तुम्ही तुमच्या प्रस्तावात लिहिणार, आम्हाला माहीत आहे. लिहायच्या आधी थांबा. २३,३३१ प्रौढांवरच्या ज्या पाहणीचे निष्कर्ष २०१६ मध्ये आले, तिच्यात उत्तरेत प्रमाण १.२३ टक्के, ईशान्येत ०.८७ आणि दक्षिणेत ०.१० टक्के होतं. डीक्यू२ किंवा डीक्यू८ असणारे तिन्हीकडे ३० ते ४० टक्क्यांच्या मधेच. गव्हाचा खप मात्र उत्तरेत दिवसाला ४५० ग्रॅमच्या घरात आणि दक्षिणेत २५ ग्रॅम. यात महाराष्ट्र नव्हता. ज्वारीची भाकरी खाणारं सोलापूर आणि तिन्ही त्रिकाळ पोळी खाणारं पुणे यांना एकच आकडा लावायचा कुठल्या हिशेबाने?

आकडा चुकला की नमुन्याची संख्याच चुकते. प्रमाण १ टक्का धरून ०.३ टक्क्यांच्या अचूकतेने मोजायचं तर सुमारे ४,२०० माणसं लागतात. ०.१ टक्का धरून ०.०५ ची अचूकता हवी तर १५,००० च्या वर. संख्याशास्त्रवाल्यांकडे म्हणूनच प्रस्ताव लिहायच्या आधी जायचं. डेटा गोळा झाल्यावर गेलात तर ते फार तर सहानुभूती दाखवतील.

चाळणीच्या (स्क्रीनिंगच्या) चाचणीचंही तेच. समजा चाचणी १०० पैकी ९५ रुग्ण पकडते आणि १०० पैकी ९८ निरोगी माणसांना बरोबर सोडते. प्रमाण १ टक्का असेल तर १०,००० माणसांत ९५ खरे आणि १९८ खोटे पॉझिटिव्ह. प्रमाण ०.१ टक्का असेल तर ९ ते १० खरे आणि २०० खोटे. दुसऱ्या ठिकाणी एका खऱ्या रुग्णासाठी तुम्ही वीस निरोगी माणसांना एंडोस्कोपीच्या टेबलावर नेणार. हातात मनुष्यबळ कमी असेल तर गावभर चाळण लावण्यापेक्षा रुग्णांच्या आईवडिलांत, भावंडांत आणि मुलांत शोधा. तिथे प्रमाण ७.५ टक्क्यांच्या आसपास सापडतं, म्हणजे २०० नातेवाइकांत पंधराएक.

गिरणी, हिंग आणि खपली

औषध अजून कुठलंही मान्य झालेलं नाही. आहार हाच उपचार. त्यामुळे सगळ्या तज्ज्ञांची मेहनत शेवटी स्वयंपाकघरात येऊन ठरते, आणि तिथे जे बिघडतं त्याची दाद डॉक्टरांपर्यंत पोचत नाही.

महाराष्ट्रात यादी देणं सोपं वाटतं. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरी, राजगिरा, साबुदाणा, शिंगाडा सगळं चालतं. उपवासाचं बहुतेक ताट ग्लुटेनशिवायच असतं, त्यामुळे ‘रोज एकादशी समजा’ असं आहारतज्ज्ञ गमतीने सांगतात आणि ते लक्षातही राहतं. यादीबाहेरचं मात्र आधी माहीत असावं लागतं. बाजारच्या बांधानी हिंगात कणीक किंवा मैदा मिसळलेला असतो; आमटीला रोज फोडणी पडते. मेतकुटात गहू, सातूच्या पिठात गहू, थालिपिठाच्या भाजणीत बहुतेक घरांत गहू. कुरडई गव्हाचीच. सत्यनारायणाचा शिरा रव्याचा, आणि प्रसादाला नाही म्हणवत नाही. दुधात घालायच्या माल्टच्या पावडरीत बार्ली असते, बार्लीही वर्ज्य.

खपलीची गोष्ट वेगळी सांगायला हवी. खपली गहू ‘मधुमेहाला चांगला’, ‘हलका’, ‘जुना देशी’ म्हणून हल्ली खूप विकला जातो, आणि रुग्ण तो स्वतःच्या मनाने सुरू करतात. खपली हा गहूच आहे. त्यात ग्लुटेन आहे. सिलिॲकला तो चालत नाही, किंचितही नाही. गव्हांकुराच्या रसाचंही सांगून ठेवा.

आता गिरणी. ‘ग्लुटेनमुक्त’ म्हणवण्यासाठी आपल्याकडे आणि आंतरराष्ट्रीय मानकांतही मर्यादा किलोला २० मिलिग्रॅम ग्लुटेनची आहे. कणकेत ग्लुटेन ८-९ टक्के धरा, म्हणजे १ ग्रॅम कणकेत ८५ मिलिग्रॅम. चार किलो ज्वारीच्या पिठात ही एक ग्रॅम कणीक, चिमूटभरच, मिसळली की मर्यादा गाठली. गिरणीच्या जात्याच्या खाचांत, चाळणीत आणि पीठ खाली येतं त्या कापडी तोंडाला याच्या कितीतरी पट कणीक चिकटलेली असते. ‘दादा, आधी जरा साफ करून दळा’ म्हटलं की गिरणीवाला ब्रश फिरवतो; त्याने खाचा निघत नाहीत. म्हणून घरघंटी हवी, आणि त्यात गहू कधीच दळायचा नाही. जुनी घरघंटी धुऊनपुसून चालेल का, असं हमखास विचारतात. नाही.

घरघंटी आली तरी काम संपत नाही. वाण्याकडे ज्वारीच्या पोत्यात गव्हाचं माप बुडवलेलं असतं. गव्हाचा एक दाणा साधारण ४० मिलिग्रॅमचा, त्यात साडेतीन मिलिग्रॅमच्या आसपास ग्लुटेन. किलोभर ज्वारीत सहा दाणे निघाले की मर्यादा संपली. ताटात ज्वारी पसरून निवडायची, धुवायची, वाळवायची आणि मग दळायची. हे सांगताना आहारतज्ज्ञाने खरंच एक ताट समोर घेऊन सहा दाणे टाकून दाखवावेत. कागदावरचं ‘२० पीपीएम’, म्हणजेच किलोला २० मिलिग्रॅम, कुणालाच दिसत नाही, ताटातले दाणे दिसतात.

किती गंभीर घ्यायचं, हेही आकड्यांत सांगता येतं. रोज १० मिलिग्रॅमच्या आत बहुतेकांना सोसतं. ५० मिलिग्रॅम तीन महिने गेलं तर आतड्याला इजा होते असं प्रयोगात दिसलं आहे. दिवसाला ३०० ग्रॅम पीठ खाणाऱ्याला २० पीपीएमच्या पिठातून ६ मिलिग्रॅम मिळतात. तेच पीठ २०० पीपीएमचं असेल तर ६०. गिरणीच्या पिठाला २०० गाठायला फार वेळ लागत नाही.

विचारण्याची पद्धत शिकून घ्या. ‘पथ्य पाळता ना?’ याचं उत्तर कायम ‘हो’ असतं. त्यापेक्षा असं विचारा: ‘ताई, काल सकाळी उठल्यापासून बाळाने काय काय तोंडात टाकलं, ते ओळीने सांगा. पीठ कुठून आणलं? हिंग कुठला आहे? पोळ्या आणि भाकरी एकाच तव्यावर का?’ मग हळूहळू कळतं, की भाकरी ज्वारीचीच आहे, पण ती कणकेच्याच परातीत मळली जाते. लघवीतले ग्लुटेनचे अंश तपासायची सोय आता आहे. पण त्यात मागच्या एक-दीड दिवसाचंच दिसतं, आणि त्याचा वापर आईला खोटं पाडण्यासाठी करायचा नाही. एकदा तसं झालं की ती पुढच्या तारखेला येत नाही.

पीठ मोजणारी प्रयोगशाळा

ग्लुटेन मोजायला आर५ नावाच्या अँटिबॉडीची एलिसा, म्हणजे अँटिबॉडीने पकडून रंगावरून मोजायची चाचणी, चालते. नवख्यांची पहिली चूक नमुना घेण्यात. किलोभर ज्वारीतून चमचाभर दाणे उचलायचे आणि ‘गहू नाही’ असं लिहायचं! दूषण दाण्याच्या रूपात येत असेल तर सगळा किलो दळून, नीट मिसळून, मगच त्यातून पाव ग्रॅम घ्यायचा. पाव ग्रॅमला अडीच मिलिलिटर कॉकटेल द्रावण, ५० अंशांवर ४० मिनिटं, मग साडेसात मिलिलिटर ८० टक्के इथेनॉल आणि तासभर हलवणं, असा सर्वसाधारण क्रम असतो. तुमच्या किटचा कागद वेगळं सांगत असेल तर कागद खरा.

नाचणीसाठी वेगळी सूचना. नाचणीत पॉलिफेनॉल भरपूर. ती ग्लुटेनला धरून ठेवतात आणि आकडा खोटा कमी येतो. अशा नमुन्यात साय काढलेल्या दुधाची पावडर तेवढ्याच वजनाने घालतात. शिवाय ज्ञात प्रमाणात ग्लुटेन मुद्दाम मिसळून ते परत सापडतं का, हे प्रत्येक धान्याला एकदा करून पाहा. माल्ट, बिअर, आंबवलेले सॉस यांत ग्लुटेनचे तुकडे झालेले असतात, तिथे नेहमीची सँडविच पद्धत फसते, स्पर्धात्मक पद्धत लागते. किट गव्हातलं ग्लायडिन मोजत असेल तर दोनाने गुणून ग्लुटेन येतं. अहवालावर कुठला आकडा छापलाय, ते तपासा. आहारतज्ज्ञाला ग्लायडिनचा १५ हा आकडा ग्लुटेनचा समजून कळवला, तर ३० पीपीएमचं पीठ ‘सुरक्षित’ म्हणून एखाद्या घरात जातं.

आणि प्रयोगशाळेत त्या टेबलावर डबा खायचा नाही. हे लिहावं लागतं, कारण खातात.

कागदपत्रं आणि नावं

संस्थेच्या नैतिक समितीची मंजुरी आणि, उपचाराचा अभ्यास असेल तर, पहिला रुग्ण घ्यायच्या आधी सीटीआरआयवर, म्हणजे चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत, नोंदणी. १ एप्रिल २०१८ पासून मागाहून नोंदणी होत नाही. मुलांचा अभ्यास असेल तर पालकांची संमती पुरेशी नाही. ७ ते १२ वर्षांच्या मुलाचा तोंडी होकार आणि १२ ते १८ मध्ये लेखी. परदेशी संस्था सोबत असेल तर आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीकडे जावं लागतं आणि नमुने पाठवायचे तर हस्तांतराचा करारही हवा. यात महिने जातात, ते वेळापत्रकात आधीच धरा. नमुने कोरड्या बर्फात जातात. विमानतळावर पार्सल अडकलं तर बर्फ भरायला फोन कुणाला लागेल, त्या माणसाचं नाव पार्सलवर हवं.

लेखकांची नावं पहिल्या बैठकीत ठरवा आणि इतिवृत्तात लिहा. आहारतज्ज्ञ आणि हिस्टॉलॉजीचे तंत्रज्ञ शेवटी आभारात ढकलले जातात, ही आपल्याकडची जुनी खोड. ज्याने आराखड्यात किंवा डेटात खरं काम केलं, त्याला मसुदा लिहायला आणि तपासायला बोलवा. बोलावलंच नाही, तर तो लेखकाच्या निकषात कसा बसणार?

महिन्यातून एक एकत्र बैठक, पाऊण तास, सहापेक्षा जास्त केसेस नकोत. काचपट्टी पडद्यावर दाखवायची, अहवाल नुसता वाचून दाखवायचा नाही. आहारतज्ज्ञाने आधी बोलायचं. डॉक्टर आधी बोलले की बाकीचे माना डोलावतात.

आता फोनचं. घरच्या क्रमांकावर फोन करून ‘सिलिॲक क्लिनिकमधून बोलतेय’ असं म्हणू नका. लग्नाच्या वयाच्या मुलीचा आजार सासरी किंवा शेजारी माहीत नसतो, आणि भावंडांची तपासणी करायची म्हणजे त्यांनाही वेगळी संमती द्यायची असते. कोणत्या क्रमांकावर, किती वाजता आणि काय नाव सांगून फोन करायचा, हे संमतीपत्राच्याच दिवशी रुग्णाला विचारून फॉर्मवर लिहून ठेवा. रुग्णाला पाठवायच्या पत्राच्या पाकिटावर विभागाचा शिक्का नको.

किट बदललं, तंत्रज्ञ बदलला, पॅथॉलॉजिस्ट रजेवर गेले, आर५ ऐवजी दुसरी अँटिबॉडी आली, तर त्या तारखेला नोंदवहीत लाल शाईने आडवी रेघ मारा आणि खाली कारण लिहा. दोन वर्षांनी आलेख अचानक का वाकला, हे शोधायला बसलात की पहिल्यांदा तीच रेघ शोधाल.